चेहऱ्यासाठी कर्ज काढू नकोस

पत्र :

ताई, माझं वय ३१. गाव सांगोला तालुक्यात, घरी डाळिंबाची बाग. कॉलेजात एकांकिका केल्या, तिथून हे वेड लागलं. काही वर्षं झाली मुंबईत, गोरेगावला तिघं मिळून एका खोलीत राहतो. उंची सहा फूट, रंग काळा, गालांवर मुरुमांचे खोल खड्डे, आवाज घोगरा. त्यामुळे मालिकांमध्ये एकच काम मिळतं : सावकाराचा माणूस, वाळूवाल्याचा पोरगा, नायिकेच्या वाटेत जीप आडवी घालणारा. चार वाक्यं बोलायची, नायकाचा मार खायचा, पॅकअप. मागच्या महिन्यात एक कास्टिंगवाला म्हणाला, ‘आता कॅमेऱ्यात सगळं दिसतं, चेहऱ्याचं काहीतरी कर.’ क्लिनिकमध्ये चौकशी केली तर लेझरचा खर्च दीड लाखाच्या वर सांगतात. पर्सनल लोन मिळतंय. त्यातच एका रोजच्या मालिकेत खलनायकाच्या धाकट्या भावाचं मोठं काम आलंय, पण पुन्हा गुंडच. आणि आमच्या जुन्या ग्रुपचा दिग्दर्शक प्रायोगिक नाटक करतोय, त्यात निवृत्त शाळामास्तराचं काम देतोय, पैसे नाहीत. वडील म्हणतात, बाग सांभाळायला ये. टीव्हीवर मला मार खाताना बघून आई रडते. काय करू? या चेहऱ्याला पुढे काही आहे का?

– माणदेशी (नाव छापू नये)

उत्तर :

प्रिय माणदेशी,

चेहरा, मालिका, नाटक आणि घर असे चार प्रश्न तू एका दमात विचारलेस. कर्जाच्या कागदावर सही व्हायच्या आत उत्तर मिळायला हवं, म्हणून आधी चेहऱ्याचं सांगते. कर्ज काढू नकोस. त्वचेचा काही त्रास असेल, मुरूम अजून येत असतील, दुखत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जरूर जा. सरकारी रुग्णालयातही हा विभाग असतो. तो इलाज तब्येतीसाठी. पण ‘गाल गुळगुळीत झाले की कामं मिळतील’ या हिशेबावर दीड लाख लावू नकोस, कारण तो हिशेबच चुकीचा आहे. गुळगुळीत गालांच्या सहा फुटी पोरांची रांग अंधेरीपासून मढपर्यंत लागलेली आहे. त्या रांगेत तू शेवटचा होशील. आज ज्या कामासाठी तुझा फोन वाजतो ते कामही जाईल आणि हप्ता मात्र दर महिन्याला चालू राहील.

आता ‘पुढे काही आहे का’ याबद्दल. याचं उत्तर मला एका माणसाच्या कामातून द्यायचं आहे, कारण तुझ्यासारख्या चेहऱ्याची चित्रपट आणि दूरदर्शन मिळून चाळीस वर्षं कशी गेली, हे त्यात स्वच्छ दिसतं.

ओम पुरींचा चेहरा आठव. लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे व्रण, पसरट नाक, जाड ओठ. जन्म १९५०चा, अंबाल्याचा. घरात इतकी ओढाताण की पोरवयातच चहाच्या टपरीवर कपबशा विसळल्या. शिक्षण पंजाबी माध्यमातून. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात पोचले तेव्हा इंग्रजीमुळे बुजून गेले होते, असं त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. तिथे संचालक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली तीन वर्षं काढली, बरोबर वर्गात नसीरुद्दीन शाह. १९७३ला बाहेर पडले. एवढं शिकून मुंबई गाठायची सोडून हा माणूस पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. नाटकाचा अभिनय आणि कॅमेऱ्याचा अभिनय यांत फरक आहे आणि तो शिकावा लागतो, एवढी समज त्यामागे होती.

आणि पहिला चित्रपट मराठी. १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’, इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी सहकारी तत्त्वावर केलेला. नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. पंजाबी मुलानं पेशवाईच्या पुण्यातला कनोजी ब्राह्मण मराठीतून उभा केला. तू माणदेशी बोली बोलतोस म्हणून शहरी भूमिका आपल्याला झेपणार नाहीत असं तुला मनातून वाटत असेल (पत्राच्या सुरातून मला तसं वाटलं), तर हे एकदा लक्षात घे.

आता ‘आक्रोश’ काढ. १९८०चा, गोविंद निहलानींचा, पटकथा विजय तेंडुलकरांची. अनेक वर्षांपूर्वी पाहिला असशील तर पुन्हा पाहा, आणि या वेळी गोष्टीकडे लक्ष न देता फक्त लहान्या भिकूकडे बघ. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी. त्याचा वकील झालेले नसीरुद्दीन शाह त्याच्यापुढे विनवण्या करतात, चिडतात, समजावतात. हा बोलतच नाही. कोठडीत बसलेला, जमिनीकडे बघत. कोर्टात उभा, तोंड मिटलेलं. आपण बोललो तर काय होईल हे त्याला वकिलापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि ते सगळं त्या चेहऱ्यावर चाललेलं असतं. वकील बोलत असताना लहान्याचे डोळे कधी उचलले जातात, कधी परत खाली जातात ते बघ. एकदाही फुकट उचललेले नाहीत. शेवटी बापाच्या चितेपाशी त्याचा आवाज फुटतो तेव्हा तो अंगावर येतो, कारण तोवरचा एकेक क्षण त्यानं दाबून धरलेला आपण पाहिलेला असतो. या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. संवाद किती होते ते तूच मोज आणि तुझ्या ‘चार वाक्यां’शी ताडून बघ.

मला तुला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. रांगडा चेहरा तुला दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर दुसरा माणूस बोलत असताना तू काय करतोस, यावर तू टिकणार की नाही ते ठरतं. देखण्या नटाला क्षणभर काहीच न करता उभं राहता येतं, प्रेक्षक त्याच्या देखणेपणावर वेळ काढतो. तुझ्या-माझ्यासारख्यांच्या चेहऱ्याला ती सवलत नाही. तिथे आत काही चाललं असेल तरच माणूस बघत राहतो. पण एकदा बघायला लागला की मग नजर हटत नाही, ही रांगड्या चेहऱ्याची ताकद.

‘अर्धसत्य’ तर तू पाहिलाच असशील, नट राहतात त्या कुठल्याही खोलीवर त्याची पारायणं होतात. १९८३चा. मूळ श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, दिग्दर्शन निहलानींचं. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर. तुझ्या अंगकाठीच्या कुठल्याही पोराला वेलणकर म्हटलं की संतापाचे, मारहाणीचे प्रसंग आठवतात. मला तू हॉटेलातला प्रसंग पाहायला हवा आहेस. ज्योत्स्ना, म्हणजे स्मिता पाटील, त्याला पुस्तक देते. त्यात दिलीप चित्र्यांची कविता. वेलणकर ती वाचायला लागतो तेव्हा सूर सहज असतो, कवितेबिवितेशी फारसं देणंघेणं नसलेल्या फौजदाराचा. दोन-चार ओळींनंतर आवाज जरा खाली येतो, थांबे लांबतात. कविता आपल्याबद्दल आहे हे त्याला वाचता वाचता कळतंय, आणि शेवटापर्यंत त्याचा चेहरा पुरता उतरलेला असतो. मारामारी नाही, पार्श्वसंगीताचा धडाका नाही, एक माणूस मोठ्यानं वाचतोय. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘आरोहण’साठीही मिळाला होता. चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हेरीच्या चित्रपट महोत्सवातही अभिनेत्याचा पुरस्कार आला.

आणि त्याच चित्रपटात रामा शेट्टी झालेले आपले नगरचे सदाशिव अमरापूरकर. धिप्पाड नाहीत, चेहऱ्यावर क्रौर्य रंगवलेलं नाही. आवाज न चढवता बोलणारा, खुर्चीत आरामात बसलेला माणूस. त्याची भीती वाटते. गुंड कसा करावा याचा तो एक पूर्ण धडा आहे, आणि तुला येत्या काही महिन्यांत तो उपयोगी पडणार आहे. कारण ती मालिका तू घ्यावीस असं माझं मत आहे.

हो, घे. नाक मुरडू नकोस. ‘आरोहण’ आला त्याच वर्षी, १९८२ साली, ‘डिस्को डान्सर’ही आला आणि त्यात मिथुन चक्रवर्तींच्या मॅनेजरच्या कामात ओम पुरीच होते. घरभाडं भरणारी कामं आणि जीव ओतायची कामं त्यांनी शेजारीशेजारी केली. पुढे ‘घायल’, ‘नरसिम्हा’, ‘चाची ४२०’, ‘हेराफेरी’. नंतरच्या काळातल्या काही चित्रपटांनी त्यांना नुसतं नावापुरतं वापरलं, ते बघताना मला आजही वाईट वाटतं. पण त्या कामांनी त्यांची आधीची कमाई पुसली नाही.

दूरदर्शनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मालिका म्हणजे खालचं काम अशी एक ओळ तुझ्या पत्रात दडून बसलेली दिसली. १९८१मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला. त्यात ओम पुरी दुखी नावाचा दलित मजूर झाले आणि समोर ब्राह्मणाच्या कामात पुन्हा मोहन आगाशे. उपाशीपोटी, तापातून उठलेला माणूस उन्हात लाकडाचा ओंडका फोडतोय. कुऱ्हाड नुसती आपटते, ओंडका फुटत नाही. प्रत्येक घावाला हात थोडे कमी वर जातात. सगळा अन्याय त्या खांद्यांच्या थकण्यात दिसतो. तुझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरानं हा प्रसंग बघितला की हात आपोआप शिवशिवतील. तुला अंगमेहनत ठाऊक आहे, शहरात वाढलेल्या नटाला ती शिकून घ्यावी लागते.

मग १९८८. त्या एका वर्षातली त्यांची दूरदर्शनवरची कामं शेजारी मांडून बघ. ‘तमस’मधला नथू, पाच रुपयांसाठी डुक्कर मारून देणारा आणि त्यातून शहरात पेटलेल्या दंगलीचं ओझं छातीवर घेऊन फिरणारा. ‘कक्काजी कहिन’मधले बेरकी, खुसखुशीत राजकारणी. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’मध्ये निवेदनाचा आवाज त्यांचा, आणि त्याच मालिकेत नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले तेव्हा औरंगजेब ओम पुरी. त्याच सुमारास ‘मिस्टर योगी’त मोहन गोखल्यांच्या नायकाच्या मागेपुढे हिंडणारा खट्याळ सूत्रधार. चेहरा तोच, व्रण तेच. दीनवाणा, बेरकी, बादशहा, विनोदी, सगळं एकाच माणसानं घराघरांतल्या छोट्या पडद्यावर करून दाखवलं. चित्रपटानं त्यांच्यावर ‘पिचलेला माणूस’ असा शिक्का मारत आणला होता, तो पुसायला टीव्हीच कामाला आला. चांगली मालिका नटाला मोठं करते, याहून जवळचा पुरावा मला देता येणार नाही.

पण तुझ्यापासून काही लपवणार नाही. त्यांचा काळ वेगळा होता. निहलानी, बेनेगल, तेंडुलकर यांच्यासारखी माणसं अशा चेहऱ्यांसाठी भूमिका लिहीत होती, सरकारी पैशातून चित्रपट उभे राहत होते, दूरदर्शनवर तेरा भागांत गोष्ट संपत होती. तू ज्या मालिकेत चालला आहेस ती टीआरपी आहे तोवर चालेल, आणि तुझ्या ट्रॅकचं, म्हणजे तुझ्या पात्राच्या गोष्टीचं, काय होणार ते दर आठवड्याला ठरेल. आज तशा भूमिका वेब सीरिजमध्ये आणि गावाकडच्या गोष्टी सांगणाऱ्या मराठी चित्रपटांत आहेत. तिथे साताऱ्याचे सयाजी शिंदे पार तेलुगू-तमिळपर्यंत जाऊन आले, आणि ते गोंडस चेहऱ्याच्या जोरावर गेले नाहीत. पण तिथल्या ऑडिशनला हजारो जण असतात. मेहनत केली की झालंच, असं मी तुला लिहून देणार नाही.

म्हणून मालिका घेताना काही गोष्टी नीट विचारून घे. महिन्याला किमान किती दिवसांची हमी, ते आकड्यात लिहून घे. तोंडी ‘पंधरा-वीस दिवस तर होतीलच’ यावर जाऊ नकोस. पैसे किती दिवसांनी, तेही लिहून. आपल्याकडे नव्वद दिवसांनी पहिला चेक यायची पद्धत आहे, म्हणजे पहिले तीन महिने तुला साठवणीवर काढायचे आहेत. क्लिनिकसाठी जे कर्ज काढणार होतास त्याची खरी गरज इथे भासू शकते, तेव्हा आत्तापासूनच हात आखडता घे. करार ‘एक्स्क्लुझिव्ह’ असेल तर तो फक्त मालिकांपुरता आहे की नाटक-सिनेमालाही लागू आहे, ते विचार. नाटकाची मुभा करारातच घालून घे. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर, कापतील, त्याचा हिशेब ठेव. वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात, आणि अनेक पोरं आळसापायी ते सोडून देतात. सिंटाचं, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, सभासदत्व अजून घेतलं नसशील तर घे. पैसे अडकले की एकट्या नटाच्या फोनला कुणी दाद देत नाही, संघटनेच्या पत्राला देतात. आणि काम मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, अगदी ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून दोन हजार मागितले, तरी तिथून निघून यायचं.

पुन्हा गुंडच, याची तुला खंत आहे. ती समजते. पण खलनायकाचा धाकटा भाऊ हे काम तू जीप आडव्या घालत होतास त्याहून फार वेगळं आहे. त्याला घर आहे, थोरला भाऊ आहे, त्याचा धाक आहे, कदाचित त्याच्याबद्दल मनात अढी आहे. थोरला बोलत असताना हा काय करतो? जेवताना त्याच्या आधी घास घेतो का? लेखकानं लिहिलेलं नसेल तर तू ठरव, कुणाला न सांगता कर. मालिकेची गोष्ट पुढे नेणाऱ्या क्रिएटिव्हच्या लोकांचं लक्ष एडिटला जातं. ज्याच्या चेहऱ्यावर कट मारावासा वाटतो त्याला पुढच्या आठवड्यात वाक्यं वाढतात, हा या धंद्यातला अगदी साधा व्यवहार आहे. आरडाओरडा कमी कर. घोगऱ्या आवाजाला चढायची गरज नसते, तो खालच्या पट्टीत जास्त लागतो.

निळूभाऊंचं नाव घेतल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. निळू फुले पडद्यावर आले की गावच्या जत्रेतल्या तंबूत बायाबापड्या बोटं मोडायच्या. पुण्यातल्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, सेवा दलात वाढलेला हा माणूस पडद्याबाहेर किती सालस होता हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’तला हिंदुराव पाटील त्यांनी केला, आणि त्याच पटेलांच्या ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकारही केला. सगळं डोळ्यांनी टिपणारा, फारसं काही करू न शकणारा, आतून कुरतडला जाणारा माणूस. पाटलाचा माज आणि पत्रकाराची हतबलता त्याच चेहऱ्यावर, मेकअपची फारशी मदत न घेता. तुझी आई रडते ना? तिला निळूभाऊंचे दोन्ही चित्रपट दाखव. मार खाणं हे कामाचा भाग आहे हे तिला माझ्यापेक्षा ते जास्त चांगलं सांगतील.

आता नाटक. पैसे नसलेलं हे काम तुझ्या चारही गोष्टींत मला सगळ्यात मोलाचं वाटतं. विचार कर, ज्या दिग्दर्शकानं तुला कॉलेजपासून पाहिलंय त्याला तुझ्यात शाळामास्तर दिसला. बाकी कुणालाच दिसलेला नाही, तुला स्वतःलाही नाही. ३१व्या वर्षी साठीचा माणूस करायचा म्हणजे चालणं, बसणं, उठताना गुडघ्यावर ठेवलेला हात, खडूच्या सवयीनं झटकलेली बोटं, सगळं नव्यानं जमवावं लागणार. तुमच्या गावात निवृत्त मास्तर असतीलच. सुट्टीला गेलास की त्यांच्या ओट्यावर जाऊन बस. ते पेपर कसा घडी करतात, समोरच्याचं चुकीचं वाक्य ऐकून आधी चष्म्याला हात जातो की भुवईला, हे बघ. नक्कल करू नकोस, नुसतं बघून ये, तालमीत ते आपसूक उतरतं.

प्रयोग फार होणार नाहीत, कदाचित दहा-बाराच. तरी त्याचं चांगलं चित्रीकरण करून घे. तुझी आत्ताची शोरील, म्हणजे कामाचे तुकडे जोडून केलेली फीत, मी पाहिलेली नाही, पण पत्रावरून अंदाज येतो : दरडावणं, कॉलर पकडणं, जीपमधून उतरणं. कास्टिंग करणारा पहिल्या वीस सेकंदांत तुला गुंडांच्या फोल्डरमध्ये टाकतो, यात त्याचा काय दोष? पुढच्या शोरीलमध्ये पहिला तुकडा मास्तरांचा ठेव. शक्यतो ज्यात तू ऐकतो आहेस असा. दुसरा तुकडा मालिकेतला, थोरल्या भावासमोरचा. मारामारी शेवटी. फोटोही नवे काढ, दिवसाच्या उजेडात, फाउंडेशन न लावता, गालाचे खड्डे दिसतील असे. ते लपवून ऑडिशनला बोलावणं आलं तर समोर गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आणि ते बघून ज्याचा फोन येईल त्याला तूच हवा असशील.

बोलीबद्दल एक. माणदेशी सोडू नकोस. प्रमाण मराठी आणि हिंदी तिच्या जोडीला पक्की कर. रोज सकाळी अर्धा तास पेपर मोठ्यानं वाच, एक दिवस मराठी, एक दिवस हिंदी, ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘ष’ स्वच्छ येईपर्यंत. ज्या ओम पुरींना इंग्रजीमुळे वर्गात अवघडल्यासारखं व्हायचं, त्यांनी १९९९च्या ‘ईस्ट इज ईस्ट’मध्ये इंग्लंडात मासे आणि चिप्सचं दुकान चालवणारा पाकिस्तानी बाप केला, आणि त्यासाठी त्यांचं नाव ब्रिटनच्या बाफ्टा चित्रपट पुरस्कारांच्या नामांकनात होतं. तिथंही त्यांनी इंग्रजी गोऱ्यासारखी बोलायचा प्रयत्न केला नाही. त्या बापाच्या तोंडी जशी येईल तशीच बोलली. भाषा शिकायची ती इतकी शिकायची, की कुठे मोडायची हे आपल्या हातात राहील.

राहता राहिलं घर. वडिलांना फोनवर ‘अजून एक वर्ष द्या’ असं सांगू नकोस, ते वाक्य त्यांनी बहुतेक ऐकून ठेवलेलं आहे. समोर बसून हिशेब दाखव : मालिकेचे इतके दिवस, इतके पैसे, खोलीचं भाडं इतकं, उरले तर घरी इतके पाठवीन. बागेबद्दल त्यांना खरंच काय हवंय तेही विचार. तेल्या रोगानं एखादं वर्ष हातचं गेलं की डाळिंबवाल्या घरात काय होतं हे मला सांगायला नको. म्हातारपणात त्यांना सोबत हवी असेल, तर बहर धरताना आणि तोडणीला तू गावी असशील असं वेळापत्रक मालिकेच्या ट्रॅकप्रमाणे बसवता येतं का बघ. रोजच्या मालिकेत तुझे पाच-सहा दिवस सलग लागतात, मग मोकळीक मिळते. मुंबईत खोलीवर पडून राहण्यापेक्षा ते दिवस गावी घाल. अंगही राहील, मास्तरही भेटतील.

आणि समजा दोन-तीन वर्षांनी मालिका संपली, हातात नवं काही नाही, आणि बागेत मन रमायला लागलं, तर परत जाण्यात कसलीही हार नाही. सांगोल्यात राहून नाटक करता येतं. सोलापुरात, पंढरपुरात करणारी माणसं आहेत, राज्य नाट्य स्पर्धेत दर वर्षी गावोगावचे संघ उतरतात. मात्र तो निर्णय त्या वेळी घे, आज एका कास्टिंगवाल्याच्या वाक्यानं खचून घेऊ नकोस.

आत्ता या आठवड्यात तीन कामं कर. बँकेच्या माणसाला नाही म्हणून कळव, नाहीतर तो फोन करत राहील. मालिकेच्या प्रॉडक्शनकडून कराराचा मसुदा मागव आणि सही करण्याआधी कुणा जाणत्या नटाकडून किंवा वकिलाकडून वाचून घे. नाटकाच्या दिग्दर्शकाला आजच हो सांग आणि शूटिंगच्या तारखा कळल्या की लगेच त्याला पाठव, म्हणजे तालमी त्याप्रमाणे लावता येतील. प्रयोग ठरला की मलाही कळव, मी येईन.

तुझी,
ताई